मेहसाण्याची डेअरी, १:२०० : कानविंदे मालिकेतलं तिसरं मॉडेल

मंडळी, गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीचा सांगाडा उभा राहिला. मजले आणि जिने झाले, आता छपरावरच्या वायुविजनाच्या मनोऱ्यांना हात घातलाय. वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांच्या इमारतींची मॉडेलं करायची ठरवल्यापासून मला ओढ होती ती हिचीच. पण आधीच्या दोन हाताखालून गेल्या नसत्या तर ही नीट कळली नसती.

पहिली अहमदाबादची अटिरा, म्हणजे तिथली वस्त्रोद्योग संशोधन संस्था. कानविंदे आपल्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, मग सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला, आधुनिक वास्तुकलेतले मोठे नाव असलेल्या वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. परत आल्यावर सीएसआयआर या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांचं काम त्यांच्याकडे आलं. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने निघालेल्या अटिराची इमारत त्याच काळातली, १९५० च्या दशकातली. तिच्यात गुरू स्पष्ट दिसतो: पांढरा गिलावा, सपाट छप्पर, आडव्या खिडक्यांच्या लांब पट्ट्या. माउंट बोर्डात, म्हणजे जाड पुठ्ठ्यात, करायला सरळ. मला ती आवडते, पण ती ग्रोपियसच्या दुसऱ्या एखाद्या हुशार विद्यार्थ्यानेही केली असती असं वाटत राहतं.

दुसरी कानपूरची आयआयटी. तिथे ते वाटणं संपतं. १९५५ मध्ये कानविंदे आणि अभियंता शौकत राय यांनी मिळून फर्म काढली आणि १९५९ ला सुरू झालेल्या आयआयटीच्या परिसराचं काम त्यांना मिळालं. पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या कॅम्पसच्या मुळाशी दोन मराठी माणसं आहेत. इथे गिलावा गेला. काँक्रीटचा सांगाडा उघडा, मधे विटांची भरण. म्हणून मॉडेलही त्याच क्रमाने केलं: आधी राखाडी बोर्डाचे खांब-तुळया पूर्ण जोडल्या, मग विटेच्या रंगाचे तुकडे किंचित आत सरकवून बसवले. एकाच पुठ्ठ्यावर दोन रंग देऊन भागवू नका. खांबाची सावली विटेवर पडली नाही तर सगळं चित्रासारखं चपटं दिसतं.

त्या परिसरातली मला सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इमारतींना जोडणारे छताखालचे मार्ग. गाड्या बाहेरच्या बाहेर, आणि विद्यार्थी वर्गातून प्रयोगशाळेत, तिथून ग्रंथालयात सावलीतून चालत जाणार. मे महिन्यात आपल्या सांगलीच्या विश्रामबागेत दुपारी बारा वाजता रस्ता ओलांडून बघा, हा विचार किती मायेचा आहे ते कळेल.

आता मेहसाणा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ही इमारत. डेअरीच्या यंत्रांची उष्णता आणि वाफ बाहेर काढायची हा रोजचा प्रश्न, आणि कानविंद्यांनी इमारतीचा चेहराच त्या प्रश्नातून काढला. हवा वर नेणारे काँक्रीटचे मनोरे छपराच्या वर गटागटाने उठतात. आपल्या गुऱ्हाळाला वाफ जायला वरून वाट ठेवतात, तीच गरज. फक्त इथे त्या वाटेला शिल्पाची उंची मिळाली. गरम हवा हलकी होऊन वर चढते, खालून थंड हवा आत ओढली जाते. मनोरा जितका उंच तितकी ही ओढ जास्त.

म्हणून मनोरे मी पोकळच केले, भरीव ठोकळे चिकटवले नाहीत. खाली छोटा दिवा लावून शेजारी उदबत्ती धरली, तर धूर आत वळतो आणि वरून निघतो. एवढ्या लहान मापात खऱ्या इमारतीचा हिशेब लागत नाही हे मान्य, पण छपरावर तो आकार का आहे हे घरातल्या शाळकरी पोरालाही न सांगता समजलं.

कामाच्या दोन गोष्टी. सांगलीच्या पावसाळ्यात बोर्ड ओल धरून वाकतो, आणि एका बाजूला रंग दिला की जास्तच. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, काचेखाली वजन ठेवून रात्रभर वाळवा, मगच कापा. मनोऱ्यांच्या कडा ४५ अंशांत तासून जोडल्यात, त्यामुळे पुठ्ठ्याचा कापलेला पांढरा थर दिसत नाही. ब्लेड मात्र दर काही कापांनंतर मोडून नवं टोक घ्यावं लागतं.

काँक्रीटच्या रंगाने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. काळा-पांढरा मिसळून येणारा राखाडी निर्जीव दिसतो. हरभट रोडवरून आणलेल्या पोस्टर कलरमध्ये थोडा मातकट पिवळा ऑकर आणि चिमूटभर बारीक चाळलेली रांगोळी घातली, तेव्हा पृष्ठभागाला रवाळपणा आला. काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्याच्या खुणांसाठी रंग अर्धवट ओला असताना त्यावरून जुना कंगवा हलकेच ओढतो.

मनोऱ्यांचा एक गट बसला, बाकीचे कापून तयार आहेत. ते चढले की दक्षिणेकडची भिंत, आणि तिच्या उघड्या-बंद भागांचं प्रमाण अजून पक्कं करायचंय. कुणी मेहसाण्याला जाऊन त्या बाजूचे फोटो काढले असतील तर जरूर दाखवा, शक्यतो सकाळच्या तिरक्या उन्हातले.