मांडवा ते श्रीवर्धन, सायकलवर, सगळं गणगोत घेऊन

मांडवा ते श्रीवर्धन हे अंतर कसलेला सायकलवाला फेरीबोटीसकट एका दिवसात उरकेल. आम्ही त्याला जवळपास आठवडा लावला, आणि तरी नागावला आणखी एक मुक्काम हवा होता असं बायकोचं म्हणणं आहे. गटात दोन कुटुंबं, एक सडाफटिंग मित्र, नऊ ते चौदा वयाची पोरं आणि इलेक्ट्रिक सायकलवर माझे सासरे. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, त्यापुढे पॅडल मारायचं नाही, हा नियम सासऱ्यांनीच घातला होता. पोरं सोबत असतील तर हा नियम मोडू नका. पस्तिसाव्या किलोमीटरला पोरगं रडायला लागलं की समोरचा समुद्र कुणालाच दिसत नाही.

मोसम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. त्यातही नाताळ ते एक जानेवारी आणि सव्वीस जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळाच. तेव्हा अलिबागच्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की सायकलला कडेची पांढरी पट्टीसुद्धा मिळत नाही. रविवारी दुपारी, मुंबईकर परतायला लागल्यावर निघा आणि शुक्रवारपर्यंत आटपा. खोल्या स्वस्त आणि किनारे रिकामे मिळतात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. सकाळी मतलई वारा डोंगराकडून येतो. तो गार असतो, पण हलका आणि आडवा, त्यामुळे त्रास होत नाही. बारा वाजून गेले की खारा वारा सुटतो आणि हिवाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे आपल्या पाठीत. हाच प्रवास श्रीवर्धनहून मांडव्याकडे केला तर दुपारभर तो छातीवर घ्यावा लागतो. मोठी माणसं शिव्या देत जातील, पोरं सायकल टाकून बसतील.

मुंबईहून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरलो. ही सेवा २०२० साली सुरू झाल्यापासून सायकलवाल्यांची चंगळ आहे. सायकल खोलायची नाही, हमालाशी घासाघीस नाही, गाड्यांच्या डेकवर लावायची आणि वर जाऊन बसायचं. तासाभराचा प्रवास. सुटीच्या दिवशी तिकीट आधी काढून ठेवा. पुण्याकडून येणाऱ्यांनी सायकली टेम्पोत टाकून थेट अलिबाग गाठावं. पोरांना घेऊन खोपोली-पेण रस्त्यावर ट्रकांच्या सोबतीनं सायकल चालवण्यात काही अर्थ नाही.

मांडव्याहून अलिबागला मोठ्या रस्त्यानं जाऊ नका. सासवणे, आवास, किहीम असा किनाऱ्यालगतचा गावरस्ता धरा. तो अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना वाड्या आणि डोक्यावर सावली. सासवण्यात शिल्पकार वि. पां. करमरकरांचं राहतं घर आता संग्रहालय आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८चा, यांनीच केलेला. इथली सिमेंट आणि प्लॅस्टरमधली माणसं इतकी जिवंत आहेत की आमचा धाकटा एकीसमोर उभा राहून तिची पापणी लवायची वाट बघत होता. किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. हे मी पोरांना सांगितल्यावर पुढचे दोन किलोमीटर प्रत्येक माडाखाली थांबणं झालं. घरटी काही दिसली नाहीत, पण वेळ भरपूर गेला, आणि आम्हाला तोच घालवायचा होता.

अलिबाग शहर सरळ पार करून पहिला मुक्काम नागावला. तंबू लावायला किनाऱ्यापेक्षा कुणाची तरी वाडी बरी. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात तंबू ठोकायचा तर वनखातं किंवा ग्रामपंचायत यांना विचारावं लागतं, पाणी आणि संडास लांब पडतात, शिवाय रात्री कुत्री. घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांना विचारलंत तर बहुतेक जण वाडीत तंबूला जागा देतात, आणि सकाळी बंबातलं कढत पाणीही. आमच्या यजमानांच्या वाडीत मधेच चांगलं मोठं मोकळं अंगण होतं. तिथं माड होते, ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आडवे झाले, असं काकूंनी सांगितलं. नव्या पोफळी लावल्यात, त्या आत्ता कुठं हाताला लागायला आल्यात.

तंबू माडाखाली लावायचा नाही. हे वाचून हसू येईल, पण शहरातल्या माणसाला सावली दिसली की तो तिथंच पथारी पसरतो. नारळ रात्री पडतो तेव्हा विचारून पडत नाही, आणि वाळलेली झावळीही काही कमी वजनाची नसते. आंब्याखाली किंवा उघड्यावर लावा. उघड्यावर लावलात तर दवाची तयारी ठेवा. जानेवारीत किनाऱ्यावर थंडी म्हणावी तर पंधरा-सोळा अंशांच्या खाली पारा क्वचित जातो, साधं ब्लँकेट पुरतं. पण दव इतकं पडतं की पहाटे तंबूचं वरचं कापड पिळून काढता येतं. म्हणून बाहेर वाळत घातलेले कपडे आणि सायकलची सीट रात्री झाकून ठेवा आणि सकाळी निघायची घाई करू नका. ऊन तंबूवर येऊन तो वाळेपर्यंत साडेनऊ वाजतात. ओला तंबू गुंडाळून नेला तर संध्याकाळी त्याला कुबट वास येतो.

आता पोपटी. हिवाळ्यात रायगडात येऊन पोपटी न खाता जाणाऱ्याला काय म्हणावं! आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, कारण भांबुर्ड्याचा पाला शेताच्या बांधावरून ताजा आणायचा असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा. मग मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, अंडी, बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाला ठासून भरायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, झावळ्या, नारळाची सोडणं रचली आणि काकांनी काडी लावली. अर्ध्या-पाऊण तासानं जाळ बसल्यावर त्यांनी ओंजळभर पाणी मडक्यावर मारलं. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडालं. "झाली." पण धाकट्याचं समाधान होईना. "काका, पाणी नाही घातलं मग शिजलं कशात?" "शेंगेतच असतंय की पाणी," काका म्हणाले आणि काठीनं मडकं ओढून बाहेर काढलं. भांबुर्ड्याचा तो उग्र, ओव्यासारखा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला होता. सासरे शाकाहारी, त्यांच्यासाठी वेगळं मडकं लावलं होतं. त्यातल्या शेंगा आमच्यापेक्षा बऱ्या झाल्या असं मांसाहारींनीच कबूल केलं. जानेवारी यासाठीच धरावा. डिसेंबरच्या सुरुवातीला वालाच्या शेंगा नीट भरलेल्या नसतात.

नागाव ते काशीद पंचवीसएक किलोमीटर. चौलच्या वाड्यांतून रेवदंड्यात शिरताना रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतूनच जातो. १७४०पर्यंत हे सगळं पोर्तुगीजांकडे होतं. पुढे कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल. या वाटेवर धोक्याची म्हणावी अशी जागा हीच. पूल अरुंद, अवजड वाहनं, आणि वर खाडीचा वारा आडवा झोडपतो. पोरांना मधे घ्या, पुढे-मागे मोठ्यांनी राहा, आणि सकाळी लवकर पार करा. पलीकडे कोर्लई. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून निपजलेली बोली अजून घराघरात बोलतात. दीपगृहापर्यंत सायकल जाते, किल्ला चढायला अर्धा तास पुरे. काशीदला वाळू छान, गर्दी वाईट. आम्ही गावात आत राहिलो.

काशीद ते मुरूड वीसच्या आत आहे, पण चढउताराचं. पोरांनी चढावर सायकल हातात धरून चालत नेली तर नेऊ द्या. नांदगावच्या सिद्धिविनायकाला संकष्टीला मोठी गर्दी असते, तेवढा दिवस टाळा. वेळ असेल तर वाकडी वाट करून फणसाड अभयारण्य गाठा, शेकरू दिसायची शक्यता बरी असते, आणि तिथली रात्र किनाऱ्यापेक्षा चांगलीच गार. मुरूडबद्दल सगळ्यांनी लिहिलेलं आहे. जंजिऱ्याला राजपुरीहून होडी मिळते.

मुरूडहून आगरदांड्याला जाऊन फेरीबोटीनं दिघीत उतरायचं. बोटीवर माणसं, मोटारी, म्हशीचं वैरण, सायकली, सगळं एकत्र. फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, जालावर दिसतात त्यांच्या भरवशावर राहू नका. तिकिटाला सुटे पैसे ठेवा. एकूणच या पट्ट्यात रोख रक्कम जवळ असू द्या. फोनला रेंज नसली की स्कॅन करून पैसे देणं जागेवर थांबतं, आणि शेखाडीच्या बाजूला रेंज जातेच.

दिवेआगरला आम्ही दोन रात्री काढल्या, आणि सायकलचा खरा आनंद इथंच आला. चार-पाच किलोमीटरचा सपाट किनारा, ओहोटीला ओली वाळू अशी घट्ट होते की चाक रुततच नाही. पण ओहोटी कधी? मुहूर्त काढायला कोळ्यांचं गणित आहे, तिथीची पाऊणपट. आजची तिथी पाऊणनं गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आम्ही गेलो ती तृतीया होती, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी साडेआठला. साडेसातला आम्ही वाळूवर होतो. पाण्याच्या कडेला कुरवांचा थवाच्या थवा उतरलेला, पोरं सायकलवरून जवळ गेली की सगळे एकदम उठायचे आणि शंभर पावलांवर पुन्हा बसायचे. पोरांना मी दोनदा हटकलं आणि मग कुरवांपासून लांब, पुळणीच्या वरच्या अंगाला वळवलं. इतक्या लांबून हिवाळ्यापुरते आलेल्या पाखरांना सारखं उठवणं बरं नव्हे. वाळूवर चालवताना हवा थोडी कमी करा, आणि चढत्या पाण्यात सायकल घालू नका. हे गणित कॅलेंडर हाताशी असेल तर कुठंही चालतं, अर्ध्या तासाचा फरक धरून. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करणार असाल तर तिथंही हेच वापरा, कारण ती वाट भरतीला पाण्याखाली असते. पण कड्याखालची ती जागा फसवी आहे, तिथं स्वतःच्या गणितावर विसंबू नका. देवळाजवळ विचारूनच उतरा.

दिवेआगरचा सुवर्णगणेश १९९७ साली पोफळीच्या वाडीत जमिनीखाली सापडला, २०१२त चोरीला गेला, २०२१त नव्या रूपात पुन्हा बसला. दर्शन घेऊन उकडीचे मोदक सांगून ठेवावेत. जेवणाचंही तसंच. सकाळी नऊच्या आत माणसं किती, शाकाहारी किती, हे कळवलंत तरच दुपारी पानं वाढली जातील. आयत्या वेळी जाऊन बसणाऱ्याला वडापाववर भागवावं लागतं.

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडी-आरावीवरून, हा रस्ता या सगळ्या वाटेचा मुकुट आहे. उजव्या हाताला, काही ठिकाणी अगदी दहा पावलांवर समुद्र. चढ थोडे, दुकानं जवळजवळ नाहीत, म्हणून माणशी दोन लिटर पाणी आणि चिक्की-केळी दिवेआगरातूनच घ्या. सासऱ्यांच्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी रोज रात्री मुक्कामी चार्ज करत होतो, तीस किलोमीटरला ती आरामात पुरली. फक्त यजमानांना आधी विचारा आणि विजेचे पैसे देऊ करा. कुणी घेतले नाहीत, ते वेगळं.

पंक्चर आमच्याकडे बाभळीच्या काट्यांनी झाले. गावागावात सायकल दुरुस्तीवाला आहे, पण त्याच्याकडे साध्या सायकलच्या ट्यूबा असतात. आपल्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर पितळी अडॅप्टर आणि दोन ट्यूबा जवळ हव्यातच, नाहीतर त्याचा पंप लागणार नाही. कॅरियरवर सामान बांधायला पोरांच्या सायकलींवर काही ठेवू नका. तंबू, भांडी, ब्लँकेटं आम्ही मित्राच्या गाडीत घातली होती आणि मोठी माणसं आळीपाळीनं गाडी चालवत होती. कट्टर सायकलवाले याला हसतील. हसू देत. गाडी सोबत होती म्हणून माझी बायको आणि मेहुणी या प्रवासाला आल्या.

परतीला श्रीवर्धनमध्ये छोटा हत्ती ठरवला, सायकली आडव्या रचून मधे गोधड्या आणि पोती घातली. भाडं निघण्यापूर्वी बोलून घ्या, टोल आणि परतीचा रिकामा फेरा धरून. माणसं एसटीनं म्हसळामार्गे माणगावला, तिथून कोकण रेल्वे. म्हसळ्याकडचा घाट सायकलवर करायची आमच्यातल्या चौदा वर्षांच्या पोराची फार इच्छा होती. त्याला बाबानं पुढच्या वर्षीचं आश्वासन देऊन गप्प केलं.

घरी पोचल्यावर अंघोळीआधी सायकल गोड्या पाण्यानं धुवा. साखळी, स्पोक, ब्रेकच्या तारा, सीटखालची नळी, सगळं. पुसून, वाळवून तेल घाला. खाऱ्या वाळूत फिरवलेली साखळी दोन दिवस तशीच ठेवली तर तिसऱ्या दिवशी ती लाल झालेली असते आणि गिअर टाकला की करकरते.