आधी देव देतो म्हणे!

आज ऑफिसातल्या छिंदवाड्याच्या मित्राबरोबर इथल्या चर्चमधल्या उपासनेला गेलो. त्याचं घराणं लुथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या शिकवणीवर चालणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती; स्वीडिश मिशनऱ्यांनी तिकडे रुजवलेली मंडळी. नुसतं बसून ऐकायचं काम नाही तिथे! सुरुवातच पापांच्या कबुलीनं, सगळ्यांनी एका सुरात. मग पाद्र्यांनी हात उंचावून क्षमा जाहीर केली. पुढे गीतं, बायबलचं वाचन, उपदेश आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं भाकर-द्राक्षारस घेणं. वेदीपुढे एक आजी गुडघे टेकायला वाकल्या, तर शेजारच्या पोरानं न सांगता त्यांच्या कोपराला आधार दिला.

बाहेर गाडीपाशी, उन्हाच्या झळा खात, मित्र समजावत होता. उपासनेत आधी देव देतो, वचनातून आणि भाकर-द्राक्षारसातून. आपलं गाणं, आभार नंतर. भाकर भाकरच राहते, तरी तिच्यात ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, असं ते मानतात. लूथरनं १५२६ मध्ये जर्मन भाषेतला उपासनाविधी छापला, तोही साध्या माणसाला कळावा म्हणून. आमच्या घरी आधी नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा. इथे हिशोबच उलटा! मला अजून नीट पचलेलं नाही.

आणि उपदेश थोडा आटोपता ठेवा ना बाप्पा, आमच्या रांगेवर पंखा नव्हता.