नवरीची माय आणि दीड इंच माया : आमची वाटचाल

मापाच्या जुन्या वह्या मी रद्दीत घालत नाही. त्यातली कोणतीही उघडा. नवरीचं ब्लाउज लग्नाच्या वीस-पंचवीस दिवस आधी शिवायला पडलेलं दिसेल, करवलीचं पंधरा दिवस आधी, वरमाईचं आठ दिवस आधी. आणि नवरीच्या आईचं? हळदीच्या आदल्या दिवशी. तेही आहेराच्या पिसांच्या गठ्ठ्यात खाली दडपलेलं. "बाई, हेही पाह्य जमलं तर. नाही जमलं तर राहू दे, मले कोन पाह्यते?"

आमचा धंदा या शेवटच्या पिसावर उभा राहिला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं बाजाराचं गाव. २०११ मध्ये बचत गटाकडून पंधरा हजार रुपये उचलून मी एक शिलाई मशीन घेतली आणि घराच्या ओसरीत बसले. चार वर्षं फक्त ब्लाउज, फॉल आणि पिको. साड्या विकायचं डोक्यात नव्हतं. पण प्रत्येक लग्नसराईत तेच पाहायची: पोरीच्या शालूसाठी यवतमाळ-अमरावतीच्या तीन-तीन चकरा, पाहुण्यांच्या आहेरासाठी साड्यांचे ढीग, आणि आईच्या अंगावर त्याच ढिगातली एक, किंवा भावानं आणलेली माहेरची. माहेरची साडी नेसायचीच असते, त्यात वाद नाही. पण भाऊ काही ब्लाउज शिवून आणत नाही ना! मग कपाटातलं कोणतं तरी मॅचिंग, पाठीला सेफ्टी पिन, आणि वरून शाल पांघरल्यासारखा पदर. ४४-४५ डिग्रीच्या उन्हात.

२०१५ मध्ये नागपूरच्या गांधीबागेतून पहिल्या चाळीस साड्या आणल्या. आमचे हे म्हणाले, "चाळीस? गावात लग्नं किती?" आणि पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तोंडावर आपटलो. एका व्यापाऱ्यानं मोतिया रंगाच्या, लाल काठाच्या सेमी पैठण्या स्वस्तात दिल्या होत्या. त्यातली एक जवळच्याच खेड्यातल्या काकूंना मी मोठ्या हौसेनं दिली. कन्यादानाच्या वेळी पाण्याची धार आईच धरते. धार थोडी मांडीवर सांडली, काठाचा लाल रंग उतरला आणि मोतिया अंगावर वीतभर डाग पसरला. त्या काकू उरलेलं लग्न डागावर हात धरून वावरल्या. फोटोतही तो हात तसाच आहे. मी पैसे परत केले, पण फोटो थोडाच परत करता येतो!

तेव्हापासून दुकानात पांढरा ओला रुमाल असतो. आलेल्या प्रत्येक साडीचा काठ, पदर आणि अंग त्यानं चोळून पाहते. रुमालाला रंग लागला की साडी परत. व्यापारी वैतागतात, वैतागू देत.

आता गिऱ्हाइकाला मी आधी साडी दाखवतच नाही. खाली मांडी घालून बसायला सांगते. नवरीच्या आईला त्या दिवशी पूजेला बसायचं असतं, वाकायचं असतं, रुखवतापासून पंगतीपर्यंत धावायचं असतं आणि शेवटी पोरीच्या गळ्यात पडून रडायचं असतं. उभं राहून आरशात छान दिसणाऱ्या साडीला यातलं निम्मंही झेपत नाही. एप्रिल-मेचं लग्न असेल तर मी महेश्वरी काढते. ताणा म्हणजे उभा धागा रेशमी, बाणा म्हणजे आडवा सुती, त्यामुळे चमक राहते आणि अंगाला चिकटत नाही. पैठणीच हवी असेल तर मशीनवरची मिळेल, पण मी पदर उलटा करून दाखवते. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी जवळपास सारखा दिसतो, मशीनच्या पदराला मागे सुटे धागे असतात. ते बांगडीत अडकतात, जोडव्यात अडकतात. म्हणून आम्ही मागून पातळ जाळी लावून देतो.

रंग ट्यूबलाइटखाली ठरवायचा नाही. ओट्यावर, उन्हात न्या. बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते, तेव्हा आई बऱ्याचदा निळा मागते. पण निळ्याच्या दहा छटा, आणि दुकानातली मोरपंखी बाहेर गेली की वेगळीच निघते.

आमची खरी कमाई मात्र ब्लाउजची. पन्नाशीच्या बाईचं अंग वीस वर्षांच्या मापात बसत नाही, आणि साडीसोबतचं पीस असतं ८० सेंटीमीटरचं. ४२ छाती आणि कोपरापर्यंत बाही म्हटलं की कापताना जीव जातो. मग पाठीला साधं मॅचिंग कापड घ्यायचं आणि काठ बाहीवर येऊ द्यायचा. पाठ पदराखाली जाते, बाही फोटोत दिसते. आणि दोन्ही कुशींना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीआत जादा कापड, सोडायची. लग्नघरातली बाई महिनाभरात एक तर झडते, नाही तर सुजते. उसवून पुन्हा टीप मारली की झालं. ही माया सोडायला शिंपी कंजुषी करतात, कारण कापड वाचतं. मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते.

पैशाचं बोलायचं तर आमच्याकडे बाया साडी क्विंटलात मोजतात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तोही सगळ्यांच्या हाती लागला नाही. "म्हंजे अर्धं पोतं अंगावर घालू काय?" असं एका मावशीनं मला विचारलं होतं. तिला मी २,२०० मध्ये सगळं बसवून दिलं: साडी, फॉल-पिको, अस्तराचं ब्लाउज, परकर. आजही बहुतेक गिऱ्हाईक याच आकड्याच्या आसपास असतं. दिवाळीनंतर सोयाबीन विकल्यावर दोनशे रुपये ठेवायचे, बाकी हप्त्यानं. हप्ते बुडतात का? बुडतात. २०२० मध्ये मार्चअखेर सगळं बंद झालं, ठरलेली लग्नं अंगणात उरकली, आणि निम्म्या साड्या माझ्याच कपाटात राहिल्या. त्या वर्षी मास्क शिवून घर चाललं.

दुकानदारानं सांगू नये अशी एक गोष्ट सांगते. तुमचा स्वतःचा लग्नाचा शालू धड असेल तर नवी साडी घेऊच नका. घडीवर विरला नसेल तर रोलप्रेस करून घ्या, नवा फॉल लावा, आणि ब्लाउज तेवढं आजच्या मापाचं शिवा. पाच-सातशेत काम होतं. लेकीला स्वतःच्या लग्नात आईचा शालू पाहायला मिळतो, ते वेगळंच. यात मला साडीचा नफा नाही, शिलाई मिळते.

करवतकाठीचं मात्र दुःख आहे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोसा म्हणजे टसर रेशमाच्या सुतात विणतात, काठाला करवतीच्या दात्यांची नक्षी, भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्या विदर्भाची साडी. हलकी, उन्हाळ्यात सोसणारी, पन्नाशीच्या बाईला तर फारच शोभणारी. पण हातमागाची किंमत आमच्या गिऱ्हाइकाला झेपत नाही आणि 'कोसा' म्हणून विकली जाणारी सगळीच कोसा नसते. मी साडीच्या अंगाचा एक धागा जाळून दाखवते: केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे रेशीम, प्लास्टिकसारखा गोळा झाला तर पॉलिस्टर. वर्षाला दोन-तीनच विकते, पण दर्शनी खिळ्यावर करवतकाठीच टांगलेली असते.

मागच्या वैशाखात एक बाई आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोरीचं लग्न. राखाडी मागितली. मी राखाडी काढली, आणि जवळ एक हिरवी नुसतीच उलगडून ठेवली. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, हे मला माहीत होतं, पण तिला मी काही सांगितलं नाही. दुकानात ठराव वाचून साडी विकली जात नाही. ती बराच वेळ हिरव्या काठावरून बोट फिरवत बसली. मग पोरगीच म्हणाली, "आई, राखाडीत तू मले दिसणारच नाहीस." हिरवी नेली. ब्लाउज त्याच रात्री कापलं.

आज दुकानात तीन मशिनी आहेत आणि शेजारच्या दोघी कामाला येतात. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा नवरीच्या आईनं येऊ नये. इतर दिवशी दुपारी एकनंतर या. अंगात नीट बसणारं एक जुनं ब्लाउज आणि लग्नातले दागिने सोबत आणा, खोटे असले तरी चालतील, गळा त्यावरून ठरतो. पोरीला आणलं तरी हरकत नाही. पण तिची साडी त्या दिवशी दाखवणार नाही.