तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ठीक आहे, मग बरं का वाटत नाही?

"तसं सगळं ठीक चाललंय हो, पण बरं वाटत नाही. काय करू?" हा प्रश्न विचारताना माणसं जरा ओशाळलेली असतात, कारण बोट ठेवावं असं दुःख हाताशी नसतं. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो: एक वही घ्या आणि सात दिवस तुमचा वेळ कुठे जातो ते लिहा.

आयुष्य कसं चाललंय, असं विचारलं की मन नोकरी, घर, पगार यांची बेरीज करतं. बरं वाटणं मात्र तासातासाला घडतं किंवा घडत नाही. या दोन गोष्टींचा आपण समजतो तेवढा संबंध नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना प्रश्न विचारले गेले. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद यांतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी होती. २२ हा आकडा लहान आहे, त्यावर शपथ घेऊ नये. पण नव्या गोष्टीची सवय होते आणि मोजपट्टीच वर सरकते, हे नवं काही घेतलेल्या कुणालाही पटेल.

वहीची पद्धत माझी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा असा हिशेब लिहून घेतला होता. कधी किती बरं वाटलं याच्या क्रमात कामावर जाण्या-येण्याचा वेळ अगदी तळाला गेला. आपण तीच पद्धत घरगुती करून घेऊ. रात्री लिहू नका, थकवा सगळ्या दिवसाला आपला रंग देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. कालच्या दिवसाचे दहा-बारा तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याची वेळ, काय करत होतात, सोबत कोण होतं, हातात काय होतं आणि तेव्हा कसं वाटलं याला ० ते ६ पैकी आकडा. ओळ साधारण अशी दिसते: "९:१० ते ९:५०, बस, उभ्याने, एकटी, फोन, १". पंधरा मिनिटांत होतं.

घोळ होतो तो आकड्यात. मुलांसोबतच्या वेळेला लोक हमखास ५ देतात, कारण ३ द्यायला अपराधी वाटतं. म्हणून आधी तो तुकडा आठवा, आकडा टाका, मग काय करत होतात ते लिहा. दुसरी गडबड अशी की तिसऱ्या दिवसापासून माणूस वहीत चांगलं दिसावं म्हणून चांगला वागू लागतो. त्या सात दिवसांत काहीही सुधारायचं नाही. आणि 'हातात काय' हा रकाना गाळू नका. फोन हा वेगळा तुकडा म्हणून कधीच दिसत नाही, तो जेवणात, गप्पांत, अंथरुणात मिसळलेला असतो.

आठवड्याअखेर सत्तर-ऐंशी ओळी जमतात. सरासरी काढू नका, तिच्यातून काही कळत नाही. ० आणि १ वाले, रोज येणारे, अर्ध्या तासापेक्षा लांब तुकडे अधोरेखित करा. मग ज्या तुकड्यांना ३ दिलेत पण नेमकं काय झालं ते आठवत नाही, त्यांच्यासमोर फुली मारा. फुल्या किती पडतात हे बघून माणसं गप्प होतात. दुःख नाही, कंटाळाही नाही, आपण तिथे नव्हतोच. २०१० साली २,२५० जणांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारून केलेल्या अभ्यासात निम्म्याच्या जवळपास वेळा, ४७ टक्के, मन हातातल्या कामावर नव्हतं. मन भरकटलेलं असताना माणसं कमी आनंदी होती, आणि गोड विचारांत भरकटलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा बरं वाटत नव्हतं.

बदल एकच करा आणि लहान करा. 'फोन सोडतो' हा बदल नव्हे, ती घोषणा झाली. 'जेवताना फोन दुसऱ्या खोलीत' हा बदल. उलटा करून ताटाशेजारी ठेवला तर चालत नाही, लक्ष तिकडेच राहतं.

नवे आनंद शोधण्यापेक्षा आहेत ते थोडे दुर्मीळ करणं स्वस्त पडतं. २०१३ सालच्या एका प्रयोगात काहींना आठवडाभर चॉकलेट बंद केलं, काहींना जवळजवळ किलोभर देऊन हवं तेवढं खायला सांगितलं. आठवड्यानंतर चॉकलेटची चव सगळ्यात जास्त लागली ती बंद ठेवणाऱ्यांना. मालिकेचे भाग सलग न बघता रोज एक बघितला तरी हाच हिशेब लागू होतो. 'आज कशाबद्दल कृतज्ञ आहे' याची यादी करायची असेल तर आठवड्यातून एकदाच करा. रोज केली की ती हजेरी होते.

माणसांबाबत आपला अंदाज फार चुकतो. शिकागोच्या लोकल प्रवाशांवरच्या प्रयोगात, २०१४ साली, बहुतेकांना वाटलं होतं की अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ज्यांना बोलायला लावलं त्यांचा प्रवास मात्र जास्त छान झाला. १ वाल्या प्रवासाच्या ओळीत एवढं करून पाहायला काही लागत नाही.

एक मर्यादा आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर हे काम वहीचं नाही, डॉक्टरांचं आहे. जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नका. वही मात्र सोबत न्या. किती वाजता झोपलात, कधी जाग आली, जेवलात की नाही, हे विचारल्यावर धड आठवत नाही, आणि तिथे ते लिहिलेलं असतं.