शेगावला गेलात तर दोन मुक्काम करा: कचोरी, खामगाव आणि बाळापूरची छत्री

आमच्या घरून शेगावला दरवर्षी कोणी ना कोणी जातंच. पण जायचं म्हणजे रात्रीच्या गाडीनं उतरायचं, रांगेत लागायचं, गजानन महाराजांचं दर्शन घ्यायचं, महाप्रसाद घ्यायचा आणि दुपारची गाडी धरून परत. मीही कितीतरी वर्षं असंच केलं. स्टेशनापासून मंदिर आणि मंदिरापासून स्टेशन, एवढंच शेगाव मला माहीत होतं. या जानेवारीत मायला आणि नववीतल्या भाच्याला घेऊन गेले ती मात्र दोन रात्री राहायचं ठरवूनच. ज्यांना तसं करायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव दारव्ह्याजवळ. एसटीनं कारंजामार्गे मूर्तिजापूर आणि पुढे रेल्वे. माय 76 वर्षांची, त्यामुळे आधारकार्ड दाखवल्यावर तिला एसटीचं तिकीट लागलं नाही. माझं अर्धंच. म्हातारं माणूस सोबत असेल तर आधारकार्ड पिशवीच्या तळाशी ठेवू नका, ते पुन्हा पुन्हा लागतं. मूर्तिजापूरला रेल्वेची वाट पाहताना मायनं छोट्या रुळांकडे बोट दाखवलं. यवतमाळहून इथवर येणारी शकुंतला तिथंच थांबायची. "याच गाडीनं मी लग्न होऊन सासरी आली," ती भाच्याला म्हणाली. भाच्यानं मोबाइल खिशात टाकला आणि तिला प्रश्न विचारत बसला. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

शेगाव मुंबई-नागपूर मुख्य लाइनवर आहे, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. मंदिर स्टेशनापासून जवळ आहे. ज्याचे पाय धड आहेत त्यानं चालतच जावं, बाजार पाहत जाता येतं. मायचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही ऑटो केला. संस्थानच्या भक्तनिवासात खोली मिळाली, साधी आणि लख्ख. एक सांगते, गुरुवारी आणि रविवारी जाऊ नका. प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी या दिवसांना गर्दी अफाट असते. त्या दिवशीचं वातावरण हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग म्हातारं माणूस आणि गाव पाहायची हौस दोन्ही घरी ठेवून जा. आम्ही मंगळवारी गेलो आणि तासाभरात समाधीपाशी पोचलो. सेवाधारी "माउली, पुढे चला" म्हणत मायला हाताला धरून नेत होते. तेवढ्या मऊ आवाजात गर्दी हलवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

महाप्रसादाच्या वेळी माय ताटात काही उरू देत नव्हती. भाच्यानं पोळीचा तुकडा बाजूला ठेवला होता, तोही तिनं त्याला खायला लावला. 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज इथल्या लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या गावात बसून अन्न टाकणं तिच्यानं पाहवलं नसतं. प्रकटदिनाला वऱ्हाडात घरोघरी पिठलं-भाकर, अंबाडीची भाजी, हिरवी मिरची आणि कांदा असा नैवेद्य असतो. यातली एकही वस्तू विकत आणलेली नसायची, असं माय सांगते. सगळं शेतातलं.

आता कचोरी. शेगावची कचोरी गावाबाहेर सगळीकडे मिळते, आमच्या दारव्ह्यातही त्या नावाची पाटी आहे. पण कढईतून निघालेली खाल्ल्याशिवाय ती काय आहे हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही स्टेशनाकडच्या रस्त्यावर एका दुकानासमोर उभे राहिलो आणि कारागिराचा हात पाहत राहिलो. मैद्याचा लिंबाएवढा गोळा, अंगठ्यानं त्यात खळगा, खळग्यात मुगाच्या डाळीचं तिखट सारण, तोंड बंद, आणि मग तळहाताच्या फुगीर भागानं एकच दाब. लाटणं नाहीच. कचोरी मधे पातळ आणि कडेला जाड राहते ती त्या दाबामुळे. तेल फार तापलेलं नव्हतं. कचोऱ्या आधी तळाशी बसल्या, मग हळूहळू वर आल्या आणि फुगल्या. भाच्यानं घाई केली तेव्हा काका म्हणाले, "थांब न बाप्पा. आच वाढवली तं वरून लाल अन् आतून कच्ची राहीन." दहा-बारा मिनिटं लागली.

सोबत फक्त तळून मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या. चटणी नाही, दही नाही, शेव नाही. पहिल्यांदा खाणारे चटणी मागतात. मागू नका, आधी एक तशीच खा. पापुद्रा कडकन फुटतो आणि आत हिंग-बडीशेपेचा वास कोंडलेला असतो. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं 1950 च्या सुमारास इथल्या रेल्वे कँटिनमध्ये ही कचोरी सुरू केली, असं गावात सांगतात. गाडीच्या खिडकीत उभं राहून पाहिलं की तिचा घाट का असा आहे ते लगेच ध्यानात येतं. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. कागदात चार कचोऱ्या आणि दोन मिरच्या, एका हातात पैसे, दुसऱ्या हातात पुडी. सांडायला रस नाही, धुवायला वाटी नाही, आणि भुसावळ येईपर्यंत ती मऊ पडत नाही. ही कचोरी रेल्वेनंच घडवली असं मला वाटतं.

घरी न्यायची असेल तर माझ्याकडून झालेली चूक करू नका. मागच्या खेपेला मी गरम कचोऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या होत्या. घरी पोचेपर्यंत घाम सुटून सगळ्या वातड झाल्या. पूर्ण थंड होऊ द्या, कागदात गुंडाळा आणि कापडी पिशवीत ठेवा. खाताना लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायच्या, तेल घालायचं नाही.

त्याच दिवशी खामगाव. शेगावहून बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. एके काळी वऱ्हाडातली कापसाची सगळ्यात मोठी पेठ ही. कापसासाठीच जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला. आता खामगाव ओळखलं जातं ते चांदीसाठी. आम्ही सराफ्यात गेलो, मायनं नातसुनेसाठी जोडवी घेतली, दोन तास गेले. घ्यायचं नसेल तर एक तास पुरे.

खामगावात आम्ही रस्त्याकडेच्या एका खानावळीत ज्वारीची भाकर आणि मिरचीची भाजी खाल्ली. हिरव्या मिरच्या तुरीच्या डाळीत शिजवून घोटायच्या, वरून लसणाची फोडणी. नाव ऐकून घाबरू नका, डाळीनं जाळ मावळतो. तरी पोरासाठी ताक मागून घ्या. संध्याकाळी बसस्टँडबाहेर एक बाई मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा विकत होती. माप विचारलं तर तिनं मायच्या पदराकडे पाहिलं. "पदर पसरा माय, मापाचं काय घेऊन बसल्या!" आणि दोन्ही हातांची ओंजळ ओतली. जानेवारीत या भागात आलात तर या शेंगा चुकवू नका. दाणे काढायला दातांनी शेंग ओढायची. बसमध्ये आमच्या मागच्या सीटवरही तेच चाललं होतं. उतरताना सालं कागदात बांधून आणली.

तिसऱ्या दिवशी बाळापूर. इथं आमचं नियोजन चुकलं, कारण शेगावहून आम्ही पुन्हा खामगावला येऊन अकोल्याची बस धरली. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी खोली सोडा, सामान घेऊन खामगाव करा, दुपारनंतर बाळापूरला उतरा आणि रात्री अकोल्याहून रेल्वे धरा. एक मुक्काम वाचतो. दोन रात्री शेगावातच काढायच्या असतील तर पहिला अख्खा दिवस गावासाठी ठेवा.

बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे वसलेलं. पुढे हैदराबादचा पहिला निजाम झालेल्या निजामुल्मुल्कानं 1720 मध्ये दख्खनचा मोगल नायब सुभेदार आलम अलीखानाचा पराभव केला तो याच गावाजवळ. किल्ला एलिचपूरच्या (आताच्या अचलपूरच्या) नवाब इस्माईलखानानं 1757 मध्ये पुरा केला. भिंती विटांच्या, बुरूज उंच आणि दरवाजे एकाआड एक असे की आत शिरताना दर वेळी वळावं लागतं. हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून अशी वळणं ठेवतात, हे भाच्याला सांगितल्यावर त्यानं स्वतः पळून पाहिलं आणि वळणावर खरंच अडला. गावाला जिचं नाव मिळालं ती बाळादेवी किल्ल्याच्या दक्षिण अंगाला आहे. मायला तिथं बसवून आम्ही दोघं फिरलो.

मला मात्र नदीकाठची छत्री जास्त आवडली. मिर्झाराजे जयसिंगांनी बांधलेली, काळ्या दगडाची. 1665 मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे तेच हे जयसिंग, दोनच वर्षांनी बऱ्हाणपूरला वारले. राजस्थानी कमानी आणि खाली आमची काळी माती, ओलसर शेतं, पाण्यात बसलेल्या म्हशी. एका खांबावरची वेलबुट्टी हाताला लागेल इतक्या खाली आहे. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, पण पाकळ्या अजून बोटाला मोजता येतात. त्याच खांबावर कोणीतरी खिळ्यानं बदामात दोन नावं कोरली आहेत. भाचा बराच वेळ ती बोटानं पुसायला पाहत होता.

इथं सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर जा. आम्ही भर दुपारी पोचलो आणि जानेवारी असूनही दगड तापला होता. सावली छत्रीत आहे, वाटेवर नाही. पाणी बसस्टँडवरूनच भरून घ्या. पावसाळ्यात नद्या चढलेल्या असतील तर काठाशी उतरू नका. सामान ठेवायला जागा मिळाली नाही, तेव्हा स्टँडवरच्या चहावाल्या दादांनी आमच्या पिशव्या बाकाखाली सरकवल्या आणि परत आल्यावर चहाचे पैसेही घेत नव्हते. मायनं ऐकलं नाही. कापडी पिशवी सोडून चार कचोऱ्या त्यांच्या फळीवर ठेवल्या, सोबत दोन मिरच्या. "शेगावच्या हायेत, आज सकाळच्याच," ती म्हणाली. त्यांनी आधी कचोरी कपाळाला लावली आणि मग खाल्ली.