पाव हिस्सा पाणी गेलं कुठं?

डक्ट (पाणी वाहून नेणारी बंद वाहिनी) आयताकृती, आतून 40 मिमी रुंद आणि 200 मिमी उंच, भिंती सपाट ॲक्रिलिकच्या. काट्यावरच्या टाकीत 30 सेकंदांत 120 किलो पाणी जमलं, म्हणजे सेकंदाला 4 लिटर. आम्ही लेझर डॉप्लरने (दोन लेझर किरण पाण्यात छेदतात तिथून जाणाऱ्या बारीक कणांच्या प्रकाशावरून) वेग मोजून पूर्ण छेदावर बेरीज केली, तर आले 3 लिटर.

पहिला संशय अर्थातच फ्रिंज-अंतरावर, म्हणजे किरण छेदतात तिथे उमटणाऱ्या प्रकाशपट्ट्यांमधल्या अंतरावर; कण या पट्ट्या ओलांडतो त्या वारंवारतेवरून वेग निघतो. हिरवा किरण 514.5 नॅनोमीटरचा, भिंगाचं नाभीय अंतर 310 मिमी, दोन किरणांत 38 मिमी. त्यावरून फ्रिंज-अंतर 4.21 मायक्रोमीटर, म्हणजे 1 मीटर प्रतिसेकंदाला साधारण 238 किलोहर्ट्झ. गटातल्या एकाने बोट ठेवलं: 4 भागिले 3 म्हणजे 1.333, पाण्याचा अपवर्तनांकच! सगळे वेग तेवढ्याने गुणा, हिशेब मिटला. मिटला असता खरा, पण प्रत्येक वेग चुकला असता. पाण्यात तरंगलांबी जितक्या पटीने घटते, तितक्याच पटीने किरणांमधल्या अर्ध्या कोनाची साइनही घटते. त्यामुळे सपाट भिंतीमागे फ्रिंज-अंतर हवेतलंच राहतं. (गोल नळीत हे जुळत नाही, म्हणून तिच्याभोवती पाण्याने भरलेली चौकोनी पेटी बसवतात.)

मग कच्च्या नोंदी उघडल्या. ट्रॅव्हर्स (किरण सोडणारा प्रोब रुंदीच्या दिशेने सरकवणारी यंत्रणा) 30 मिमीवर असताना ऐन 40 मेगाहर्ट्झला दाट सिग्नल, आणि त्यापुढे एकही बर्स्ट (एका कणाचा सिग्नल) नाही. एका किरणाची वारंवारता मुद्दाम सरकवणाऱ्या ब्रॅग सेलची शिफ्ट 40 मेगाहर्ट्झ, म्हणजे स्थिर वस्तू तिथेच दिसणार. ती पलीकडची भिंत होती! पुढचे रिकामे बिंदू 'कण कमी पडले' म्हणून आम्हीच गाळले होते.

पाण्यात शिरताना किरणांमधला कोन लहान होतो, ते आणखी पुढे जाऊन छेदतात. प्रोब 1 मिमी सरकला की मापनबिंदू 1.33 मिमी सरकतो. ॲक्रिलिकच्या जाडीने फक्त सुरुवातीचा शून्य हलतो. तो अलीकडच्या भिंतीच्या चकाकीवरून धरलेला होताच. वेगांना हात न लावता अंतरांचा रकाना 1.33 ने गुणला आणि बेरीज काट्याच्या 2 टक्क्यांत आली.

उरलेल्या फरकात थोडा वाटा वेगवान कणांचा: ते जास्त संख्येने जातात आणि साधी सरासरी फुगवतात, म्हणून प्रत्येक बर्स्टला त्याच्या संक्रमणकाळाचं (कण मापनबिंदूत राहतो त्या वेळेचं) वजन द्यावं लागतं. शिवाय ज्याला आपण 'बिंदू' म्हणतो तो पाण्यात सव्वातीन मिलिमीटर लांब, तोही नेमका भिंतीच्या दिशेने. भिंतीलगतचे पहिले दोन आकडे म्हणून आम्ही आलेखात शंकास्पद म्हणून पोकळ वर्तुळांनी दाखवले.