सातवा रोल : मारबत

मामांच्या बिस्किटांच्या डब्यातला सातवा रोल रविवारी कॅमेऱ्याने स्कॅन करून संपवला. नव्यांसाठी : मामा हौशी फोटोग्राफर, कॅमेरा आगफा क्लिक थ्री, 120 नंबरच्या फिल्मच्या रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरचे 12 फोटो. नागपुरात जत्रा, तमाशा, मिरवणूक काहीही असो, मामा हजर. आधीचे सहा रोल महाराजबाग, फुटाळा आणि घरच्या लग्नांत गेले. हा मात्र पोळ्याच्या पाडव्याचा, म्हणजे मारबतींच्या, बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा.

लाइटबॉक्सवर ठेवला तर काळी मारबत लख्ख उजेडात न्हालेली आणि पिवळी काळवंडलेली. निगेटिव्हमध्ये असंच होणार हे ठाऊक असूनही दोघींच्या फाइलींना उलटी नावं देऊन बसलो.

पट्ट्या तीन-तीन फ्रेमच्या कापलेल्या होत्या. कात्री तिरपी चालली होती ते बरंच झालं. काप एकमेकांना भिडवले आणि क्रम लागला. कडेवर ‘ओरवो’ हा फिल्मचा ब्रँड छापलाय, म्हणजे रोल 1964 नंतरचा, कारण त्याआधी हे नावच नव्हतं. पाचव्या फ्रेममध्ये बडग्याच्या (मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्याच्या) मागच्या भिंतीवर ‘उपकार’चं पोस्टर. तो 1967चा. कोरं करकरीत दिसतंय आणि श्रावणाच्या पावसात कागद किती टिकणार? तरी पैज लावणार नाही, सिनेमा पुन्हाही लागतो.

सेटिंग : मॅक्रो लेन्स, एफ 8, आयएसओ 100. खाली टॅबलेटचा उजेड वापरला तर त्याच्या पिक्सेलची जाळी फोटोत उतरली. मध्ये दुधी ॲक्रिलिक ठेवून निगेटिव्ह चार सेंटिमीटर वर उचलली, जाळी गेली.

मग मामींना दाखवायला गेलो. मिरवणूक नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरासमोरून जातेय तो फोटो पाहून म्हणाल्या, “काहून रे, आपला वाडा डाव्या हाताले कधी गेला?” स्कॅन करताना फिल्मची मंद, बिनचकाकीची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली होती आणि नंतर फोटो आडवा उलटवायचं विसरलो होतो. त्या पट्टीत एकही पाटी नाही, मला कळणार कसं! तिन्ही फ्रेम दुरुस्त केल्या.

आवडती फ्रेम दहावी. मामा रोल पुढे सरकवायला विसरले असणार, एकावर एक दोन फोटो पडलेत. मारबतीच्या पोटात एक पोट्टा लाकडी बैल ओढत चाललाय. सकाळची मारबत, संध्याकाळचा पोरांचा तान्हा पोळा, दोन्ही एकाच चौकोनात. बैलाच्या चाकांना दोरा गुंडाळलाय तोही मोजता येतो. कॉन्ट्रास्टला हात लावलेला नाही, कोणी सुचवूही नका.

आठव्या रोलच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येतोय. ॲसिटेटची फिल्म विरायला लागली की असा येतो, आणि या डब्याने मामींच्या माळ्यावर 45 अंशांचे कितीतरी उन्हाळे काढलेत. कडा वळल्यात, पण चित्र अजून धरून आहे. त्याला बाकीच्यांपासून वेगळ्या कागदी पाकिटात ठेवलंय. उद्या रात्री आधी तोच.